माइनक्राफ्ट सर्व्हर: खेळाडूंची संख्या आणि बगदुरुस्ती एकाच वहीत कशी ठेवावी

नवा माइनक्राफ्ट सर्व्हर चालवायला घेतलेल्या माणसाला दोन प्रश्न सतत पडतात. आज एवढे कमी लोक का आले? आणि परवा कोणीतरी सांगितलं होतं की हॉपर (वस्तू आपोआप सरकवणारी गेममधली पेटी) अडकतोय, त्याचं पुढे काय झालं? पहिल्याचं उत्तर बहुतेक जण अंदाजाने देतात, दुसऱ्याचं आठवणीने. पण या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. रात्री वीस जण आत असताना जो बग सगळ्यांना छळतो, तो सकाळी एकट्याने तपासणाऱ्या ॲडमिनला दिसत नाही. तो 'माझ्याकडे तर नीट चालतंय' म्हणून मोकळा होतो आणि तक्रार करणारा पुन्हा तक्रार करायचं सोडून देतो. म्हणून माझा आग्रह आहे की खेळाडूंची संख्या आणि बगांची यादी एकाच वहीत, एकाच घड्याळावर ठेवावी.

हा लेख जावा आवृत्तीच्या छोट्या सर्व्हरसाठी आहे: मित्रमंडळींचा, कॉलेजच्या गटाचा, एका वेळी दहा ते चाळीस जण येतील असा. सर्व्हरचं सॉफ्टवेअर 'पेपर' आहे असं धरलं आहे, कारण नवखे लोक बहुधा तेच घेतात. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत; कन्सोलमध्ये (सर्व्हरला आज्ञा देण्याच्या खिडकीत) ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

पायरी १: वही आणि घड्याळ

कुठलीही स्प्रेडशीट चालेल. तिच्यात तीन पानं करा: 'संख्या', 'घटना' आणि 'बग'. 'संख्या' पानावर वेळ आणि त्या वेळी आत असलेले खेळाडू. 'बग' पानाकडे पुढे येऊच. मधलं 'घटना' हे पान बहुतेक जण ठेवतच नाहीत, आणि नंतर सगळ्यांत जास्त त्याचीच उणीव भासते. त्यात एकेक ओळ लिहायची: रिस्टार्ट केला, अमुक प्लगइन (सर्व्हरला जादा सोय देणारा जोड) टाकलं, गेमची नवी आवृत्ती आली, बारावीची परीक्षा सुरू झाली, दिवाळीची सुट्टी लागली, वीज गेली. महिनाभराने आलेख बघताना मंगळवारी संख्या का घसरली हे या पानाशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

आता घड्याळ. भाड्याने घेतलेल्या मशिनवर बहुधा जागतिक प्रमाणवेळ लावलेली असते आणि लॉगमध्ये तीच उमटते. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. लॉगमध्ये १६:३० दिसलं तर आपल्याकडे रात्रीचे दहा वाजलेले असतात. एक तर मशिनची वेळ बदलून घ्या, किंवा वहीत लिहिताना न चुकता साडेपाच तास मिळवा. दोन्हींची सरमिसळ मात्र करू नका. जागतिक वेळेने दिवस पहाटे साडेपाचला बदलतो. ते एका अर्थी सोयीचंच आहे, कारण रात्री अकरापासून दीडपर्यंत चाललेला खेळ एकाच तारखेत मोजला जातो. पण तुमच्याकडे अमेरिकेतले मराठी खेळाडू येत असतील, तर त्यांची संध्याकाळ नेमकी या सीमेवर पडते हे ध्यानात ठेवा.

पायरी २: लॉग वाचायला शिका

कन्सोलमध्ये 'लिस्ट' लिहिलं की आत्ता आत किती जण आहेत आणि कमाल किती येऊ शकतात हे दिसतं. तेवढ्यावर भागत नाही, कारण कालचं काही कळत नाही. कालचं सगळं 'लॉग्ज' या फोल्डरमध्ये असतं. चालू नोंद 'लेटेस्ट.लॉग' या फाइलीत. सर्व्हर पुन्हा सुरू झाला किंवा तारीख बदलली की जुनी फाइल त्या दिवसाच्या नावाने झिप होऊन बाजूला पडते. प्रत्येक खेळाडू आत आला की 'जॉइन्ड द गेम' आणि बाहेर गेला की 'लेफ्ट द गेम' अशी ओळ येते. या दोन ओळी शोधल्या की कोण किती वाजता आलं आणि किती वेळ थांबलं हे कळतं.

मोजताना दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावा. एक, खेळाडू नावाने मोजू नका. खात्याचं नाव बदलता येतं. प्रत्येक खात्याला एक लांबलचक कायम ओळखक्रमांक असतो, यूयूआयडी. तो लॉगमध्ये खेळाडू आत येताना उमटतो. 'या आठवड्यात वेगवेगळे किती जण आले' हे त्यावरूनच मोजा. सर्व्हर ऑफलाइन मोडमध्ये, म्हणजे खात्यांची पडताळणी न करता, चालवत असाल तर हा क्रमांक नावावरूनच बनतो आणि कोणीही कोणाचंही नाव घेऊन येऊ शकतं, त्यामुळे ती मोजणी विश्वासाची राहत नाही. दोन, फक्त 'जॉइन्ड' मोजा. इंटरनेटवर उघडे सर्व्हर शोधत फिरणारे स्कॅनर रोज दार वाजवतात. जोडणी झाली आणि लगेच तुटली अशा त्यांच्या ओळी लॉगमध्ये दिसतात. ते खेळाडू नव्हेत.

पायरी ३: दर पाच मिनिटांनी आपोआप नोंद

गेमच्या सर्व्हर-यादीत प्रत्येक सर्व्हरपुढे '७/२०' असा आकडा दिसतो ना, तो सर्व्हर स्वतःच विचारणाऱ्याला देतो. त्यासाठी पासवर्ड लागत नाही, वेगळी सेटिंगही नाही. पायथॉनमधली 'एमसीस्टेटस' ही लायब्ररी हाच प्रश्न तुमच्यासाठी विचारते. पत्ता द्या, 'स्टेटस' मागा, उत्तरात आत असलेले, कमाल मर्यादा आणि उत्तर यायला लागलेले मिलिसेकंद मिळतात. हे चार-पाच ओळींत लिहून क्रॉनने (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या सोयीने) दर पाच मिनिटांनी चालवा आणि प्रत्येक वेळी एक ओळ सीएसव्ही फाइलीत टाका. शक्य असेल तर ही स्क्रिप्ट दुसऱ्या मशिनवर ठेवा; सर्व्हरचं मशिनच बंद पडलं तर त्यावरची स्क्रिप्ट काय नोंद करणार?

सर्व्हरने उत्तर दिलं नाही तर त्या ओळीत शून्य लिहू नका, जागा कोरी सोडा. शून्य म्हणजे सर्व्हर चालू होता, पण आत कोणी नव्हतं. कोरी जागा म्हणजे सर्व्हरच पोचत नव्हता. या दोन गोष्टी एकत्र झाल्या की सरासरी खोटी ठरते, आणि पहाटे तीन तास सर्व्हर पडला होता हे तुम्हाला कधीच कळत नाही.

'आरकॉन' नावाची दुसरी वाट आहे, पोर्ट २५५७५. तिच्यातून बाहेरून कन्सोलच्या आज्ञा देता येतात, पण ती जोडणी एन्क्रिप्ट केलेली नसते आणि पासवर्ड उघडाच जातो. केवळ संख्या मोजण्यासाठी ती चालू करायची काही गरज नाही. चालू केलीच तर ते पोर्ट जगाला उघडं ठेवू नका.

'प्लॅन' नावाचं एक प्लगइनही हे सगळं करतं: कोण किती वेळ खेळलं, नवे आलेले टिकले का, सर्व्हरचा वेग किती होता, याचे आलेख ब्राउझरमध्ये दाखवतं. सोयीचं आहे. पण तुमच्या सर्व्हरवर शाळकरी मुलं येत असणार, म्हणून हात आखडता ठेवा. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्याबद्दल त्यात स्वतंत्र कलम आहे. आयपी पत्ते वहीत उतरवू नका. नावानिशी तक्ते कोणाला दाखवू नका. आपल्याला किती जण आले हे हवंय; कोणाचा मुलगा रात्री किती वाजेपर्यंत जागा होता याच्याशी आपला संबंध नाही.

पायरी ४: आकडा काय सांगतो

पंधरा दिवसांची नोंद झाली की दिवसाचा आकार दिसू लागतो. आता तो वाचायचा.

आलेख रोज रात्री एकाच उंचीवर सपाट होत असेल तर आनंदून जाण्याआधी 'सर्व्हर.प्रॉपर्टीज'मधली 'मॅक्स-प्लेअर्स' ही ओळ बघा. ती मुळात २० असते. आकडा विसावर अडकला याचा अर्थ वीसच जण येतात असा नाही. एकविसावा 'सर्व्हर भरला आहे' हा संदेश वाचून परत गेला. परत गेलेले तुमच्या संख्येत कधीच येत नाहीत, पण लॉगमध्ये त्यांची नकाराची ओळ असते.

एखाद्या दिवशी संख्या एकदम अर्ध्यावर आली, सर्व्हर चालू आहे, तक्रारही नाही? आधी गेमची नवी आवृत्ती आली का ते पाहा. लाँचर मुळात सर्वांत ताजी आवृत्ती चालवतो. गेम बनवणाऱ्या मोजांगने आवृत्ती काढली की तुमच्या खेळाडूंचा गेम पुढे जातो, सर्व्हर मागे राहतो आणि आवृत्ती जुळत नाही म्हणून दार उघडत नाही. नवखा खेळाडू समजतो की सर्व्हर बंद झाला. अशा वेळी लाँचरमध्ये जुनी आवृत्ती कशी निवडायची हे मराठीत, चित्रासह, गटावर टाका. पेपरची आवृत्ती स्थिर होईपर्यंत घाई करू नका.

रविवारची तुलना सोमवारशी करू नका. रविवार रात्री नऊची तुलना मागच्या रविवारी रात्री नऊशी. मार्चमध्ये संख्या पडते आणि मे महिन्यात दुपारीसुद्धा गर्दी होते, त्यात तुमचा दोषही नाही आणि कर्तबगारीही नाही.

काही जण आपोआप माल जमवणाऱ्या फार्मजवळ पात्र उभं करून झोपी जातात. 'प्लेअर-आयडल-टाइमआउट' मुळात शून्य असतं, म्हणजे अशांना कोणी बाहेर काढत नाही. पहाटे चार वाजता सहा जण दिसले तर ते बहुधा हेच. त्यांना बाहेर काढायचं की नाही हा तुमचा नियम. मोजणीत मात्र पहाटेचा आकडा जपून वापरा.

पायरी ५: संख्येशेजारी सर्व्हरचा वेग

हा सगळ्यात कामाचा भाग आहे, इथे सावकाश वाचा.

माइनक्राफ्टचं जग सेकंदाला २० टिक या गतीने चालतं. एका टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात सर्व्हरने प्राणी हलवायचे, पाणी वाहवायचं, रेडस्टोन (गेममधली वीज) मोजायचा, हॉपरमधून वस्तू सरकवायच्या. काम ५० मिलिसेकंदांत संपलं तर उरलेला वेळ सर्व्हर थांबतो. संपलं नाही तर टिक लांबते आणि सगळं जग हळू होतं. माइनक्राफ्टचा दिवस २४,००० टिकचा, म्हणजे २० मिनिटांचा. वेग १० टिकवर आला की तोच दिवस ४० मिनिटांचा होतो.

पेपरवर 'टीपीएस' ही आज्ञा दिली की गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांतली सरासरी गती दिसते. 'एमएसपीटी' दिली की एका टिकला लागलेले मिलिसेकंद दिसतात. दुसरा आकडा अधिक बोलका आहे. टीपीएस २० दाखवत असताना एमएसपीटी १२ असू शकतो किंवा ४७. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ४७ म्हणजे आणखी दोन जण आले की गाडं अडकणार. साध्या मूळ सर्व्हरवर १.२०.३ पासून 'टिक क्वेरी' ही आज्ञा आहे, तीही टिकला लागणारा वेळ सांगते. लॉगमध्ये 'कान्ट कीप अप' ही ओळ वारंवार दिसू लागली तर सर्व्हर मागे पडतोय असं समजा.

रोज रात्रीच्या गर्दीत एकदा हे आकडे 'संख्या' पानावर खेळाडूंच्या शेजारी लिहा. आता हॉपरची तक्रार पुन्हा वाचा. हॉपर दर ८ टिकला एक वस्तू सरकवतो, म्हणजे ०.४ सेकंदाला एक. वेग १० वर आला की ०.८ सेकंद. खेळाडूला वाटतं हॉपर अडकला. सकाळी तुम्ही एकटे जाता, वेग २० असतो, हॉपर चोख चालतो. वहीत त्या रात्रीचा आकडा नसता, तर ही तक्रार 'खोटी' म्हणून निकालात निघाली असती.

लॅग हा शब्द खेळाडू दोन वेगळ्या त्रासांसाठी वापरतात. सगळ्यांनाच जग हळू वाटतंय तर टिकचा प्रश्न. एकालाच झटके बसताहेत, बाकीचे मजेत आहेत, तर त्याच्या जोडणीचा. सर्व्हर मुंबईत असला आणि खेळाडू नाशिकचा असला तर पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारे मिलिसेकंद) थोडा असतो. सर्व्हर जर्मनीत असला तर शंभराच्या वर जाणारच. तक्रार घेताना 'बाकीच्यांनाही होतंय का?' हा एक प्रश्न विचारलात तर निम्मं काम झालं.

भार नुसत्या डोक्यांवर अवलंबून नसतो. 'व्ह्यू-डिस्टन्स' मुळात १० असतं, म्हणजे एका खेळाडूभोवती २१ गुणिले २१, अशा ४४१ चंक (जगाचे चौकोनी तुकडे) सर्व्हरला सांभाळाव्या लागतात. पंधरा जण एका गावात बसले तर त्यांच्या चंक एकमेकांवर येतात. तेच पंधरा जण पंधरा दिशांना गेले की आकडा साडेसहा हजारांवर जातो. म्हणून नवं जग उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात, सगळे भटकत असताना, सर्व्हर धापा टाकतो आणि पुढे तेवढ्याच संख्येला सहज पेलतो.

नेमका वेळ कुठे जातोय हे बघायला 'स्पार्क' हे साधन आहे, पेपरच्या १.२१ पासून ते सोबतच येतं. गर्दीच्या वेळी त्याचा प्रोफाइलर पाच-दहा मिनिटं चालवा. बहुतेक वेळा उत्तर साधं असतं: कोणीतरी एका खड्ड्यात दोनशे कोंबड्या कोंडलेल्या असतात.

पायरी ६: बगचं पान

एका बगला एक ओळ. तिच्यात अनुक्रमांक, तारीख-वेळ, सांगणाऱ्याचं गेममधलं नाव, जागा (एफ३ दाबल्यावर दिसणारे एक्स, वाय, झेड), काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, सर्व्हरची आवृत्ती, त्या वेळी आत किती जण होते आणि टीपीएस किती होता, आणि स्थिती. 'आत किती जण' आणि 'टीपीएस' हे दोन रकाने खेळाडूला विचारायचे नाहीत. ते तुमच्याच 'संख्या' पानावरून येतात.

स्थितीसाठी पाच शब्द पुरतात: नवा, पडताळला, दुरुस्त केला, तपासून बंद, बग नाही. 'दुरुस्त केला' आणि 'तपासून बंद' हे दोन वेगळे ठेवा. पहिला ॲडमिन लिहितो. दुसरा, ज्याने तक्रार केली त्यानेच पुन्हा करून पाहिल्यावर.

मग शोधायचं की बग नेमका कुणाचा. चार जागा संभवतात: मूळ गेम, पेपर, एखादं प्लगइन, किंवा तुमची सेटिंग. जगाची एक प्रत काढा, दुसऱ्या फोल्डरमध्ये चाचणीचा सर्व्हर उभा करा आणि सगळी प्लगइन काढून तोच प्रकार करून पाहा. बग गेला तर प्लगइनमध्ये आहे. आता एकेक प्लगइन तपासत बसू नका. निम्मी घाला, बघा. ज्या निम्म्यात बग येतो त्याचे पुन्हा दोन भाग करा. सोळा प्लगइन असली तरी चार फेऱ्यांत दोषी सापडतं.

प्लगइन नसतानाही येत असेल, तर पेपरऐवजी मोजांगचा मूळ सर्व्हर त्याच आवृत्तीचा लावून बघा. तिथेही आला तर बग गेमचाच. मोजांगच्या सार्वजनिक बगनोंदीत जावा आवृत्तीच्या बगांना 'एमसी' आणि क्रमांक असं नाव असतं. आधी शोधा, तुमचा बग बहुधा तिथे असतोच. असला तर तो क्रमांक आपल्या वहीत लिहा, म्हणजे नवी आवृत्ती आली की तिच्या दुरुस्त्यांच्या यादीत तो क्रमांक आला का एवढंच बघायचं. 'वर्क्स ॲज इंटेंडेड' असा शेरा दिसला तर मोजांगच्या मते तो बग नाही. तो बदलण्याची वाट पाहू नका.

उलटंही होतं. मूळ गेममध्ये चालतं आणि पेपरवर चालत नाही. टीएनटीची नक्कल करणारं यंत्र हे ठळक उदाहरण. ती नक्कल म्हणजे गेममधलीच त्रुटी आहे आणि पेपरने ती मुद्दाम बंद ठेवली आहे. हवी असेल तर सेटिंगमध्ये उघडता येते. अशा तक्रारीला 'बग नाही' लिहा, पण कारणही लिहा. दर महिन्याला नवा कोणीतरी तीच तक्रार घेऊन येणार आहे.

वस्तू दुप्पट करण्याची युक्ती कोणी सांगितली तर ती गटावर चर्चेला घेऊ नका. सांगणाऱ्याचे आभार माना, ओळीत पद्धत न लिहिता फक्त 'नक्कल, खासगी' एवढं लिहा आणि दुरुस्ती होईपर्यंत तपशील दोन-तीन ॲडमिनांपुरता ठेवा.

पायरी ७: दुरुस्ती कधी लावायची

संख्येचा आलेख इथे थेट कामाला येतो. सर्वांत कमी खेळाडू असतात तो तास शोधा. बऱ्याच सर्व्हरवर तो सकाळी सहा ते आठच्या आसपास असतो. रिस्टार्ट त्याच वेळी.

सुरक्षेची दुरुस्ती याला अपवाद. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग फोर जे या जावा लायब्ररीत मोठं भगदाड सापडलं. माइनक्राफ्टचा सर्व्हर हीच लायब्ररी लॉग लिहायला वापरतो, त्यामुळे चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप करून कोणीही तुमच्या मशिनवर स्वतःचा कोड चालवू शकत होतं. मोजांगने १० डिसेंबरला १.१८.१ ही आवृत्ती काढली. त्या दिवशी रात्री पन्नास जण आत असले तरी सर्व्हर बंद करूनच दुरुस्ती लावणं योग्य होतं. अशा वेळी गर्दीचा विचार करायचा नाही.

एरवीच्या दुरुस्तीला मात्र क्रम पाळा. 'सेव्ह-ऑफ', मग 'सेव्ह-ऑल', जगाचं फोल्डर दुसरीकडे कॉपी, मग 'सेव्ह-ऑन'. शेवटची आज्ञा विसरू नका, नाहीतर त्यानंतरचा खेळ साठवलाच जाणार नाही. बॅकअप दुसऱ्या मशिनवर न्या. मोठ्या आवृत्तीत एकदा उघडलेलं जग खात्रीने मागे आणता येत नाही, त्यामुळे हा बॅकअप हीच परतीची एकमेव वाट असते. एका वेळी एकच बदल करा आणि तो 'घटना' पानावर लिहा. तीन प्लगइन एकदम बदलली आणि वेग वाढला, तर श्रेय कोणाला द्यायचं?

दुरुस्ती लागू पडली का हे बघताना संख्या समान धरा. आधी १५ जण असताना एमएसपीटी किती होता आणि आता १५ असताना किती, हीच तुलना खरी. दुरुस्तीनंतर पहिल्या रात्री आठच जण आले आणि सगळं सुरळीत चाललं, यावरून काही सिद्ध होत नाही. तेवढी गर्दी पुन्हा होईपर्यंत ती ओळ 'दुरुस्त केला' यावरच राहू द्या.

पायरी ८: खेळाडूंना सांगा

'काही बग दुरुस्त केले' हे लिहून कोणाला काही कळत नाही. असं लिहा: 'बग २३. गर्दीच्या वेळी बाजारातल्या दुकानांचे हॉपर हळू चालत होते. कारण: उत्तरेच्या फार्ममधले प्राणी फार वाढले होते. एका फार्मला ४० प्राण्यांची मर्यादा घातली आहे. फार्म असलेल्यांनी शनिवारपर्यंत संख्या कमी करावी. आज रात्री दहानंतर हॉपर पुन्हा हळू वाटला तर वेळ आणि जागा कळवा.' त्याखाली ज्याने बग सांगितला त्याचं गेममधलं नाव, त्याची हरकत नसेल तर. पुढच्या वेळी तोच मुलगा एफ३ चे आकडे स्वतःहून देतो.

बंद झालेला बग परत आला तर नवी ओळ करू नका. जुनीच उघडा, परत आल्याची तारीख घाला आणि 'घटना' पानावर त्याआधीचे दोन-तीन दिवस वाचा. बहुतेक वेळा तिथे एखादं प्लगइन अपडेट केल्याची नोंद सापडते.